जुनं पितळ घरी आणताना

जुना लामणदिवा, समई, अडकित्ता किंवा कुंकवाचा करंडा विकत घेताना आपण वयाला भुलतो. खरी किंमत वापराच्या खुणांना असते. त्या ओळखाव्यात, आणि घरी आणल्यावर घासून घालवू नयेत.

जवळ ठेवा : भिंग, लोहचुंबक, छोटी टॉर्च, कापूस, नेलपॉलिश रिमूव्हर, वही.

१. एकच प्रकार निवडा. दिसेल ते उचललं की घराची अडगळ होते. दिवे किंवा अडकित्ते, काहीतरी एक ठरवा. खरेदीआधी पुण्याचं राजा दिनकर केळकर संग्रहालय बघून या. तिथले दिवे आणि अडकित्ते निवांत पाहिले की अस्सल घडण नजरेत बसते.

२. शोध घरापासून सुरू करा. आधी आपला आणि नातेवाइकांचा माळा. मग मोड घेणारी भांड्यांची दुकानं. वितळवायला जाणाऱ्या ढिगात चांगल्या वस्तू असतात. त्यानंतर पुण्याचा जुना बाजार, मुंबईचा चोर बाजार. वस्तू कुठून आली हे विक्रेता सांगत नसेल, किंवा ती देवळातली वाटत असेल, तर हात लावू नका.

३. पारख करा.
• अडकित्त्याचं पातं सोडून इतरत्र चुंबक चिकटला तर आत लोखंड आहे, वर नुसता मुलामा.
• लामणदिव्याची साखळी ताणून पाहा. जुन्या कड्या एकमेकींना घासतात तिथेच बारीक झालेल्या असतात. अडकित्त्याची मूठ बोटं टेकतात तिथे गुळगुळीत हवी. झीज सगळीकडे सारखी असेल तर ती कारखान्यात केलेली.
• विक्रेत्याला विचारून, बुडाशी रिमूव्हरचा कापूस फिरवा. वरून लावलेला काळा रंग असेल तर उतरतो.
• समईवर किंवा गडव्यावर ठिपक्यांनी टोचलेलं नाव असेल तर भिंगाखाली धरा. जुन्या ठिपक्यांच्या कडा बोथट झालेल्या असतात. शके दिलं असेल तर त्यात ७८ मिळवा : शके १८४२ म्हणजे साधारण इ.स. १९२०.
• सांध्यावर वेगळ्या रंगाचा डाख दिसला तर दुरुस्ती झाली आहे. वस्तू टाकाऊ ठरत नाही, पण भाव उतरायला हवा.

४. भाव ठरवा. वजन करून मोडीचा दर काढा. त्याच्या वरचे पैसे घडणीचे. ते किती द्यायचे हे दोन-तीन दुकानं फिरल्याशिवाय ठरवू नका. पावती घ्याच.

५. कायदा पाळा. १९७२ च्या पुरावशेष व कलानिधी अधिनियमानुसार किमान शंभर वर्षं जुनी कलावस्तू पुरावशेष मानली जाते. व्यापाऱ्याला परवाना लागतो. धातूच्या मूर्तींसारख्या ठरावीक वस्तूंची नोंदणी करावी लागते. असा पुरावशेष परदेशातल्या मुलीकडे भेट म्हणूनही नेता येत नाही.

६. स्वच्छता बेतानेच करा. चिंच, लिंबू, घासायची पावडर वर्ज्य. आम्लाने जुनी छटा जाते आणि पावडरीने बारीक नक्षी झिजते. मऊ ब्रशने धूळ झाडा, सौम्य साबणाच्या कोमट पाण्याने पुसा आणि लगेच कोरडं करा. तेलाचं किटण बांबूच्या काडीने काढा. भुरभुरीत फिकट हिरवी पूड पुन्हा पुन्हा येत असेल तर ती गंजाची चाल आहे. वस्तू इतरांपासून वेगळी ठेवा आणि संग्रहालयातल्या जाणकाराला दाखवा.

७. मांडणी. झिजलेल्या साखळीवर भार देऊ नका. दिवा मजबूत तारेने टांगा. स्वयंपाकघराची वाफ टाळा. कोकणात, समुद्राजवळ, बंद काचेचं कपाट आणि आत सिलिका जेलच्या पुड्या ठेवा.

८. नोंद ठेवा. प्रत्येक वस्तूला क्रमांक द्या. फोटो, माप, वजन, कुणाकडून घेतली, आधी कोणत्या गावी होती, कशासाठी वापरायचे, हे त्याच दिवशी लिहा. क्रमांकाचा स्टिकर वस्तूवर चिकटवू नका, डिंकाचा डाग राहतो. सुती दोऱ्याने चिठ्ठी बांधा.