यंत्रवाणी आणि परभाषेचा उच्चार : तमिळ-मराठी अध्यापनाच्या संदर्भात

चेन्नईच्या उपनगरी रेल्वेवरील मांबलम स्थानकाच्या पश्चिमेस वसलेल्या वेस्ट मांबलम या वस्तीच्या नावातच परभाषेच्या उच्चाराचा एक पाठ दडलेला आहे. मराठीत हे नाव 'ब' घालून लिहिले जाते. तमिळमध्ये मात्र त्या जागी येणारे अक्षर 'अप्पा' या शब्दातील 'प'साठीही तेच असते. प, फ, ब, भ या चौघांसाठी त्या लिपीत एकच अक्षर आहे. शब्दारंभी व द्वित्तात ते अघोष, अनुनासिकानंतर सघोष आणि दोन स्वरांच्या मध्ये शिथिल उच्चारले जाते. हा नियम तमिळ भाषकाला कोणी शिकवीत नाही. तो त्याच्या कानातच असतो. मराठी शिकताना नेमका हाच नियम त्याच्या आड येतो. काल, खाल, गाल, घाल हे चार शब्द केवळ पहिल्या व्यंजनाने भिन्न होतात, आणि ती भिन्नता ऐकू येणे हीच त्याची पहिली अडचण असते. तमिळ शिकणाऱ्या मराठी भाषकाची अडचण निराळी आहे. 'वाल' म्हणजे शेपूट, 'वाळ' म्हणजे तलवार आणि 'वाऴ' म्हणजे जगणे. यांपैकी पहिल्या दोहोंतील भेद त्याच्या परिचयाचा आहे, तिसरा ध्वनी त्याच्या भाषेत नाही.

अशा अध्यापनात संश्लेषित वाणीचा, म्हणजेच यंत्राने निर्माण केलेल्या वाणीचा, उपयोग कितपत होऊ शकतो, हा प्रश्न आता केवळ तात्त्विक उरलेला नाही. चेन्नईतीलच भारतीय तंत्रज्ञान संस्थेच्या नेतृत्वाखाली अनेक संस्थांनी मिळून तमिळ व मराठीसह विविध भारतीय भाषांसाठी मजकूर वाचून दाखविणारी यंत्रवाणी सिद्ध केली आहे. त्यासाठी त्या त्या भाषेच्या स्त्री-पुरुष भाषकांचे आवाज ध्वनिमुद्रित करण्यात आले. विद्यार्थ्याला हातातील दूरध्वनीवर कोणताही शब्द हव्या तितक्या वेळा ऐकता येतो. यंत्र थकत नाही, कंटाळत नाही, आणि चूक झाली म्हणून हसतही नाही. परंतु हे गुण शिक्षकाच्या सहनशीलतेचे झाले. उच्चाराच्या अध्यापनाची कसोटी वेगळी आहे.

ती कसोटी कोणती, हे पाहण्यासाठी लिस्कर आणि एब्रमसन यांच्या १९६४ मधील अभ्यासाकडे वळावे लागते. स्पर्शव्यंजनाचा स्फोट आणि कंठातील घोषाचा आरंभ यांमधील काळ त्यांनी ११ भाषांत मोजला. त्यांत तमिळ दोन वर्गांच्या भाषांत, तर मराठी व हिंदी चार वर्गांच्या भाषांत गणल्या गेल्या. क, ख आणि ग हे या एका मोजमापाने वेगळे होतात; ग आणि घ मात्र होत नाहीत, कारण घोषाचा आरंभ दोहोंतही स्फोटापूर्वीच होतो. 'घ'चे वेगळेपण स्फोटानंतरच्या सश्वास घोषात असते. अध्यापकाने घ्यावयाचा बोध स्पष्ट आहे : 'क'कडून 'ख'कडे नेणारी वाट एक, आणि 'ग'कडून 'घ'कडे नेणारी दुसरी.

ही वाट पायरीपायरीने दाखविणे माणसाच्या कंठाला साधत नाही, यंत्राला साधते. डेनिस क्लॅट यांनी १९८० मध्ये प्रसिद्ध केलेल्या संश्लेषकात ध्वनीचा प्रत्येक घटक स्वतंत्रपणे कमीअधिक करता येत असे. त्याचा आवाज रुक्ष होता, पण 'क' आणि 'ख' यांमधील अंतर थोडेथोडे वाढवीत नेणे त्याला शक्य होते. आजची न्यूरल जालांवर आधारलेली वाणी माणसासारखी भासते. तथापि तिच्यातील असे घटक सामान्य वापरणाऱ्याच्या हाती सहसा नसतात. वाणी जितकी नैसर्गिक, तितकी ती कानाला शिकविण्यास अधिक उपयुक्त, हे समीकरण म्हणूनच खरे नव्हे.

नियंत्रित वाणीलाही मर्यादा आहेतच. स्ट्रेंज आणि डिटमन यांनी १९८४ मध्ये इंग्रजी शिकणाऱ्या जपानी प्रौढांना र-ल हा भेद यंत्रनिर्मित शब्दमालेवर शिकविला. यंत्राच्या शब्दांत प्रगती दिसली, पण माणसांनी उच्चारलेल्या शब्दांत ती उतरली नाही. जेमिसन आणि मोरोसान यांनी १९८६ मध्ये फ्रेंचभाषक कॅनेडियन प्रौढांना इंग्रजीतील एक घोषभेद शिकविताना आरंभी तो ठळक केला आणि क्रमाने सौम्य करीत नेला. तेथे लाभ नैसर्गिक वाणीपर्यंत पोहोचला. १९९१ मध्ये लोगन, लाइव्हली व पिसोनी यांनी जपानी विद्यार्थ्यांना अनेक भाषकांचे नैसर्गिक उच्चार ऐकविले आणि त्यांची ओळख सुधारली. सारांश, ठळकपणाने आरंभ करावा आणि वैविध्याकडे न्यावे. एकच आवाज ऐकून घडलेला कान त्या आवाजापुरताच घडण्याचा धोका असतो.

याहून मोठी अडचण लिपीची आहे, कारण यंत्र ध्वनी ऐकून बोलत नाही, अक्षरे वाचून बोलते. 'हे जग' आणि 'तू जग' यांतील 'ज' मराठी माणूस वेगवेगळा उच्चारतो. पहिला तालव्य, दुसरा दंत्य. लिपी हा भेद दाखवीत नाही. अर्थ न कळता वाचणारे यंत्र येथे चुकले, तर विद्यार्थ्याला ती चूक ओळखण्याचे साधन नसते. तमिळमध्ये 'गांधी' हे नाव 'क'वर्गाच्या अक्षरानेच लिहिले जाते. केवळ नियमाने वाचल्यास ते 'कांदि' होते.

शिवाय तमिळची लेखी भाषा आणि बोलली जाणारी भाषा यांत मोठे अंतर आहे. 'आहे' या अर्थी लिहिताना 'इरुक्किऱदु' येते, बोलताना 'इरुक्कु'. लिहिलेले वाचणारे यंत्र पहिलेच रूप देणार. ते निर्दोष गिरविलेला मराठी विद्यार्थी वेस्ट मांबलमच्या भाजीवाल्याशी बोलू लागला, तर त्याचा प्रत्येक वर्ण शुद्ध असूनही बोलणे ग्रंथातले वाटेल. शिवाय त्याने परिश्रमाने कमावलेला 'ऴ' समोरच्याच्या तोंडी कित्येकदा 'ळ' झालेला त्याला ऐकू येईल. शुद्ध उच्चार आणि उचित उच्चार या दोन भिन्न गोष्टी आहेत, आणि यंत्राला त्यांपैकी फार तर पहिलीची हमी देता येते.

म्हणून यंत्रवाणीचे स्थान पाठाच्या आरंभी आहे. भेद ऐकू येईपर्यंत तिने कान तयार करावा. पुढे अनेक भाषकांचे आवाज यावेत. आणि कोणते रूप कोणाशी, कोठे बोलावे हे त्या भाषेत वावरणाऱ्या माणसाने सांगावे. मांबलममधील 'ब' यंत्र निर्दोष उच्चारू शकेल. परंतु तेथे राहणाऱ्याशी संवाद करावयाचा, तर त्याचे बोलणे ऐकण्यावाचून गत्यंतर नाही.