गावाकडील घर घेताना : माणच्या शिवारातून दापोलीच्या किनाऱ्यापर्यंत

मुळशी तालुक्यातील माण हे गाव एके काळी भातखाचरांसाठी ओळखले जाई. हिंजवडी येथे महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाने राजीव गांधी माहिती तंत्रज्ञान उद्यान उभारले, त्याचा तिसरा टप्पा माणच्या हद्दीपर्यंत पोहोचला, आणि 18 डिसेंबर 2018 रोजी माण ते शिवाजीनगर या मेट्रो मार्गाचे भूमिपूजन झाले. ज्या बांधावरून पूर्वी बैल जात, त्या बांधाचा भाव आता चौरस फुटांत सांगितला जातो. येथे नोकरीस आलेला मनुष्य आधी माणच्या आसपास एक-दोन गुंठे पाहतो. थोडी शिल्लक पडली की त्याला दापोली-दिवेआगरकडे समुद्रकाठी घर हवेसे वाटते. दोन्ही ठिकाणी त्याची गाठ प्रथम मध्यस्थाशी पडते. कागद समजावून घेण्यासाठी मात्र तो तलाठी, शिक्षक वा ग्रामपंचायत सदस्य यांच्याकडेच येतो. यास्तव सचोटीचा मध्यस्थ ग्राहकास जे सांगतो, ते या मंडळींनाही अवगत असणे अगत्याचे आहे.

पहिला प्रश्न असा की, घेणारा शेतकरी आहे काय? महाराष्ट्र कुळवहिवाट व शेतजमीन अधिनियम, 1948 च्या कलम 63 अन्वये शेतकरी नसलेल्या व्यक्तीस जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीवाचून शेतजमीन घेता येत नाही. विकास योजनेत वा प्रादेशिक योजनेत अकृषिक वापरासाठी राखलेल्या जमिनींना काही सूट आहे. ती त्या गटास लागू आहे किंवा नाही, हे झोन दाखल्यावरून ठरते, विक्रेत्याच्या शब्दावरून नव्हे. नियमबाह्य व्यवहार कलम 84 क खाली अवैध ठरून जमीन सरकारजमा होऊ शकते. पैसे देणाऱ्याच्या हाती मग केवळ पावती उरते.

सातबारा हातात आला की बहुतेकजण मालकाचे नाव वाचून थांबतात. वास्तविक वाचायचे ते त्याच्या खाली असते. भोगवटादार वर्ग 2 असल्यास हस्तांतरणास पूर्वपरवानगी लागते. कुळकायद्याने मिळालेल्या जमिनीवर कलम 43 चा शेरा असतो; 2014 च्या सुधारणेनुसार खरेदी प्रमाणपत्रास दहा वर्षे झाली असल्यास आकाराच्या चाळीस पट रक्कम भरून ही अट पार पाडता येते, परंतु ती भरली आहे काय, हे चलनावर पाहावे. ‘इतर हक्क’ या रकान्यात बँकेचा वा सोसायटीचा बोजा, कुळाचे नाव, तसेच माणसारख्या गावी औद्योगिक विकास अधिनियम, 1961 च्या कलम 32 खालील संपादनाचा शेरा आढळू शकतो. सातबारा हा मुळात महसुली अभिलेख आहे. मालकी सिद्ध होते ती नोंदलेल्या दस्तांच्या साखळीने. म्हणून दुय्यम निबंधकाकडे तीस वर्षांचा शोध आणि प्रत्येक फेरफाराची नक्कल यांस पर्याय नाही.

या फेरफारांत सर्वांत दुखरी बाब म्हणजे बहिणींची नावे. वडिलांच्या पश्चात वारसनोंद करताना केवळ मुलांची नावे चढविण्याचा प्रघात अनेक गावी होता. हिंदू उत्तराधिकार अधिनियमातील 9 सप्टेंबर 2005 च्या सुधारणेने मुलीस जन्मतः सहदायिकीचा हक्क मिळाला, आणि 11 ऑगस्ट 2020 रोजी सर्वोच्च न्यायालयाने विनीता शर्मा प्रकरणात, त्या दिवशी वडील हयात असणे आवश्यक नाही, असा निर्वाळा दिला. जमिनीस भाव नव्हता तोवर माहेरची वाट तुटू नये म्हणून बहिणी गप्प राहिल्या. भाव आला तेव्हा त्यांनी हक्क मागितला, यात त्यांचा दोष तो काय? गिऱ्हाइकाने प्रत्येक बहिणीची संमती वा नोंदलेले हक्कसोडपत्र मागावे. ‘त्या सही करतील, घरचाच मामला आहे’ असे जो मध्यस्थ म्हणतो, त्याच्या हाती इसार देऊ नये. हक्कसोडपत्र कोऱ्या कागदावर झालेले चालत नाही, हे पंचायत सदस्यांनीही गावात सांगावे.

एक-दोन गुंठ्यांचा प्रश्न वेगळा. गुंठा म्हणजे 1,089 चौरस फूट, आणि चाळीस गुंठ्यांचा एकर. तुकडेबंदी अधिनियम, 1947 खाली प्रमाणभूत क्षेत्राहून लहान तुकड्याची विक्री निर्बंधित आहे. ऑगस्ट 2023 मध्ये ते क्षेत्र बहुतांश जिल्ह्यांत जिरायतीस 20 आर व बागायतीस 10 आर असे ठरले. यानंतरही सवलतींचे निर्णय झाले आहेत. तेव्हा व्यवहाराच्या दिवशीची स्थिती तहसील कार्यालयात विचारून घ्यावी. मंजूर रेखांकनाशिवाय, निव्वळ कुलमुखत्यारपत्र व साठेखतावर प्लॉट विकण्याची पद्धत शहरांच्या कडेला फोफावली. 11 ऑक्टोबर 2011 च्या सूरज लॅम्प निर्णयात सर्वोच्च न्यायालयाने अशा कागदांनी मालकी मिळत नाही, हे निःसंदिग्धपणे सांगितले आहे. ग्रामपंचायतीचा घरपट्टीचा उतारा हाही मालकीचा किंवा बांधकाम परवान्याचा पुरावा नाही. पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण 31 मार्च 2015 रोजी अस्तित्वात आले. मंजूर नकाशाची खातरजमा नियोजन प्राधिकरणाकडेच करावी.

आता किनारा. कोकणात सातबाऱ्यावर वीस-पंचवीस सामाईक नावे असणे नवलाचे नाही; निम्मी मंडळी मुंबईस, काही परदेशी. एकाचा हिस्सा घेतला म्हणजे नारळीच्या बागेचा कोणता कोपरा मिळाला, हे वाटप होईपर्यंत कोणीच सांगू शकत नाही. खाजगी वने (संपादन) अधिनियम, 1975 खालील वनाची नोंद असलेली डोंगरउतारावरील जमीन तर स्वस्त मिळाली तरी महागच. किनारा नियमन क्षेत्राची पहिली अधिसूचना 19 फेब्रुवारी 1991 ची. तीत भरतीरेषेपासून 500 मीटरपर्यंतचा पट्टा नियमनाखाली आला आणि ग्रामीण किनाऱ्यावर पहिले 200 मीटर ना-विकास क्षेत्र ठरले. 2019 च्या अधिसूचनेने दाट वस्तीच्या ग्रामीण भागांसाठी, म्हणजे 2011 च्या जनगणनेनुसार दर चौरस किलोमीटरला 2,161 पेक्षा अधिक लोकसंख्या असल्यास, हे अंतर 50 मीटर केले. विरळ वस्तीस 200 मीटर कायम आहे. खिडकीतून लाटा दिसतील असे सांगणाऱ्यास मंजूर किनारा व्यवस्थापन नकाशावर तो गट दाखविण्यास सांगावे.

मध्यस्थालाही कायदा लागू आहे. स्थावर संपदा अधिनियम, 2016 खाली, नोंदणीस पात्र प्रकल्पातील सदनिका वा भूखंड विकणाऱ्या मध्यस्थाने महारेराकडे स्वतः नोंदणी केलेली असली पाहिजे, आणि नोंदलेल्या कराराशिवाय प्रवर्तकास किमतीच्या दहा टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही. एकट्यादुकट्या शेतजमिनीच्या सौद्यास हे संरक्षण पोहोचत नाही, म्हणूनच तेथे दुप्पट सावधगिरी हवी.

कागदांनंतर पाय. जागा एकदा वैशाखात पाहावी, विहिरीला पाणी किती उरते ते कळते. एकदा आषाढात, कारण ओढा कोठून वाहतो आणि रस्ता कोठे बुडतो, ते विक्रेता सांगत नाही, पाऊस सांगतो. नदीकाठी निळी व लाल पूररेषा पाटबंधारे विभागाकडून पडताळावी. रस्ता नकाशावर आहे की शेजाऱ्याच्या मर्जीवर, हे विचारावे; नंतर कलम 143 खाली तहसीलदारांकडे दाद मागता येते, पण त्यात वर्षे जातात. शेवटी भूमी अभिलेख कार्यालयाकडून मोजणी करून ‘क’ प्रत घ्यावी, शेजारच्या खातेदारांना मोजणीची नोटीस पोहोचल्याची खात्री करावी आणि खुणांचे दगड त्यांच्यासमक्ष रोवून घ्यावेत.