गिझर बघताय की जावई?

1. पालेगावची थंडी खरी असते. मुंबईकर नातेवाईक हसतात, पण महानगर प्रदेशातला हिवाळी नीचांक बहुतेक वेळा बदलापूरच्या नावावर लागतो, आणि आमचं अंबरनाथ पूर्व त्याला लागूनच. तरीही इथे घर तापवावं लागत नाही. तापवायचं ते अंघोळीचं पाणी. महानगर गॅसची पाइपलाइन स्वयंपाकघरात आली, तसे मी गॅस गिझर निवडायला वहीत रकाने आखले. बायको म्हणाली, "अहो, गिझर बघताय की जावई?"

2. कार्यक्षमतेच्या टक्केवारीचा मोह वाईट. इंग्लंडमधली भाची फोनवर म्हणाली, "मामा, आमचा बॉयलर नव्वद टक्क्यांच्या वर जातो." तिकडे 2005 पासून नवा बॉयलर सहसा कंडेन्सिंगच लागतो. जळालेल्या गॅसमधल्या वाफेचं पाणी करून तो तिचीही उष्णता वसूल करतो. सहा महिने घर उबदार ठेवायचं तर ते परवडतं. आमच्या दोन बादल्यांसाठी एवढा थाट कशाला?

3. बादलीचा हिशेब मला भलताच आवडला. पंधरा लिटर पाणी 25 अंशांनी तापवायला अर्धं युनिटही वीज लागत नाही. एका घनमीटर गॅसमध्ये साधारण 10 युनिटांची उष्णता असते. त्यातली 80 टक्के पाण्याला मिळाली तरी अठरा बादल्या निघतात. मात्र गिझरपासून न्हाणीघर लांब असेल, तर नळीतलं गार पाणी आधी सोडून द्यावं लागतं आणि मागे उरलेलं गरम पाणी तिथेच निवतं. हा रकाना वहीत नव्हता.

4. सिलिंडरवरचा जुना गिझर फुकट मिळत होता. पण पाइपचा गॅस म्हणजे मुख्यतः मिथेन. त्याचा दाब कमी, जेटचं भोक वेगळं. फुकटातलं राहिलं.

5. वास येत नाही म्हणजे धोका नाही, असं मी धरून चाललो होतो. गॅस गळला तर वास येतो, कारण तो मुद्दाम मिसळलेला असतो. पण कोंदट जागेत ज्योत अर्धवट जळली की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो, आणि त्याला वासच नाही. 2023 च्या होळीनंतर घाटकोपरमध्ये एक जोडपं न्हाणीघरात मृत सापडलं, तेव्हा संशय गॅस गिझरवरच आला होता. आमचा गिझर ड्राय बाल्कनीत, जाळीजवळ बसला. त्यामुळे नळी लांबली, दोन टक्के गेले असतील. जाऊ देत.

6. सगळ्यात नमवलं ते पाण्याने. आम्ही वरच्या मजल्यावर. टाकी डोक्यावरच, म्हणून जोर भरपूर, असं कुणालाही वाटेल. होतं उलटं. टाकी नळापासून जितकी उंच तितका दाब, दहा मीटरला जेमतेम एक बार. पुरेसा दाब नसेल तर गिझरमधला पडदा सरकत नाही, गॅसची झडप उघडत नाही आणि कितीही महागडा गिझर थंडच. पंप लावायचा तर वीज वाचवायला वीज! म्हणून कमी दाबावर चालणारा शोधावा लागला. दुकानात जाण्याआधी नळाखाली लिटरची बाटली धरा, किती सेकंदांत भरते ते मोजा आणि गिझरच्या पुस्तिकेतल्या किमान प्रवाहाशी ताडून बघा.