बैठक बदलताना

खेळण्यातील सैनिकांच्या लढाईचे नियम एच. जी. वेल्स यांनी १९१३ साली ‘लिटल वॉर्स’ या पुस्तकात मांडले. आज असे खेळ मेजावर, सुमारे २८ मिलिमीटर उंचीच्या सैनिकांनिशी खेळले जातात. भाला उगारून पुढे झुकलेला सैनिक २५ मिलिमीटरच्या चकतीवर, म्हणजे बैठकीवर, वारंवार कोलमडतो. कारण त्याच्या गुरुत्वमध्यातून सोडलेला लंब बैठकीच्या कडेजवळ पडतो. त्यास ३२ मिलिमीटरची बैठक द्यावी.

मात्र जुनी बैठक हिसकून काढू नये. नाजूक घोटाच आधी मोडेल. प्रथम सांधा ओळखावा. क्षणात चिकटणारा सायनोअॅक्रिलेट गोंद थंडीने ठिसूळ होतो. सैनिकास तासभर बर्फाच्या कप्प्यात ठेवून बैठक हलकेच पिळल्यास सांधा बहुधा सुटतो. प्लॅस्टिक विरघळवून जोडणारे सिमेंट मात्र दोन्ही भाग एकजीव करते. तेथे थंडीचा उपाय चालत नाही. अशा वेळी बारीक करवतीने पाऊल राखून चकतीच कापावी. हे काम वडीलधाऱ्यांच्या देखरेखीखाली करावे.

शेवटी तळपाय घासून सपाट करावा, त्यात बारीक छिद्र पाडून तार बसवावी व ती नव्या बैठकीत रोवून चिकटवावी.

जोड कसा झाला हे जाणून घेतले, तरच तो न मोडता सोडवता येतो.