दारी येणारे गीत : नाताळ फेरीविषयी थोडे चिंतन



आगमनकाळ आला की नाताळ फेरीची तयारी सुरू होते. गिटार, ढोलकी, सांताक्लॉजचा पोशाख, मुलांचा सराव. हे आनंदाचेच काम आहे. पण जो दार उघडतो त्यालाही तो आनंद मिळतो का, याचा विचार आज करू या.

१. जुन्या प्रथा काय सांगतात?

परदेशात ३१ ऑक्टोबरला, हॅलोविनच्या रात्री, मुले वेष घेऊन घरोघर खाऊ मागतात. हा दिवस मुळात सर्व संतांच्या सणाची पूर्वसंध्या. मध्ययुगीन इंग्लंडमध्ये या दिवसांत मुले व गोरगरीब दारोदार जात. घरचे लोक त्यांना छोटे गोड केक देत आणि ते त्या घरातील मृतांसाठी प्रार्थना करीत. घेणाराही काही देऊन जात असे.

मेक्सिकोमध्ये १६ ते २४ डिसेंबर अशा नऊ रात्री 'पोसादास' होतात. योसेफ आणि मरिया निवारा शोधत आहेत, असे मानून लोक गात दारोदार जातात. आतून आधी नकार येतो, शेवटी दार उघडते. गाणारा तेथे याचक असतो, हक्क सांगणारा नव्हे. आपला वासुदेवही पहाटे गातो, मिळेल ते दान घेतो आणि पुढे जातो.

२. शुभवर्तमानाची शिकवण

संत लूकच्या दहाव्या अध्यायात प्रभू येशू शिष्यांना गावोगावी पाठवतो. आधी त्या घराला शांती चिंतावी, पुढे वाढतील ते खावे, असे तो सांगतो. शांती स्वीकारली गेली नाही तर ती तुमच्याकडे परत येईल, असेही सांगतो. म्हणजे बंद दारापाशी रागावण्याचे कारण नाही. दुसऱ्या अध्यायातील मेंढपाळही आले, बाळाला पाहिले आणि देवाचे गौरव करीत परत गेले.

३. फेरीला निघताना

• आधी निरोप द्या. कोणत्या गल्लीत कोणत्या दिवशी, साधारण किती वाजता येणार, हे कळवा. आज नको म्हणणाऱ्याला कारण विचारू नका.

• दुःखाच्या घरी जपून जा. ज्या घरात यंदा कोणी गेले, तेथे पहिला सण जड जातो. ते घर गुपचूप टाळू नका, तसेच तेथे ढोलकीही वाजवू नका. आधी एकाने जाऊन विचारावे. हवे असल्यास एक शांत गीत आणि मृतासाठी प्रार्थना पुरे.

• वेळ व आवाज पाळा. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिक्षेपकाला बंदी आहे. रुग्णालये व शाळांभोवतीचा किमान १०० मीटरचा परिसर शांतता क्षेत्र म्हणून घोषित करता येतो. पण नियमाच्या आतही तान्हे बाळ, आजारी आजी, परीक्षेचा विद्यार्थी असतोच. दहाची वाट न पाहता लवकर आटपावे.

• पाकिटाचा विचार करा. ही सर्वांत नाजूक गोष्ट. हातात द्यायला काही नाही म्हणून कोणी दिवा मालवून आत बसत असेल, तर आपल्या गीताने त्या घराला काय दिले? दारात पेटी पुढे करू नये, रक्कम वाचून दाखवू नये. ज्याला द्यायचे त्याने चर्चमधील दानपेटीत टाकावे.

• शेजाऱ्यांचा मान राखा. वाडा किंवा अपार्टमेंट सर्वांचे असते. इतर धर्मीयांच्या घरी बोलावले तरच जा. जिना अडवू नका, कागद व फटाक्यांचा कचरा मागे ठेवू नका.

४. घरच्यांसाठी

कोल्हापूरच्या माणसाला पाहुण्याला तसेच पाठवणे जमत नाही, हे खरे. तरी प्रत्येक घरी चहा-फराळ झाला तर शेवटच्या घरी मध्यरात्र होते आणि लहान मुले पेंगतात. पाण्याचा तांब्या आणि हसरा चेहरा पुष्कळ आहे. फेरी नको असेल तर संकोच न करता तसे सांगा.

चिंतनासाठी

१. आपल्या गल्लीत यंदा कोणत्या घरी दुःख आहे? तेथे नाताळाआधी कोण जाईल?

२. दरवर्षी आपण कोणते घर वगळतो, आणि का?

ज्या बाळाला बेथलेहेमात सरायीत जागा मिळाली नाही, त्याचे नाव घेऊन आपण दारी जातो. म्हणून हळूच जाऊ या, आणि शांती ठेवून येऊ या.