तक्त्याची चाळणी

प्रस्तावना

घरात पीठ चाळताना तुम्ही पाहिले असेल. बारीक पीठ खाली उतरते, कोंडा चाळणीत राहतो. दुकानदारालाही अशी निवड सतत करावी लागते. महिनाअखेरीस तो खातेवही उघडतो आणि ज्यांच्याकडे बाकी आहे तेवढीच खाती वेगळ्या कागदावर उतरवून घेतो. खाती पन्नास असतील, तर हे काम एका बैठकीत उरकते. पाच हजार असतील, तर दिवस पुरत नाही आणि नजरचुकीने एखादे खाते सुटते ते वेगळेच.

हीच निवड संगणकावर क्षणात करणाऱ्या सोयीला ‘फिल्टर’ म्हणतात. या पाठात आपण तिला चाळणी म्हणू. ही चाळणी अत्यंत आज्ञाधारक आहे. परंतु आपण जे म्हणतो तेच ती ऐकते, आपल्या मनात काय आहे ते तिला कळत नाही. म्हणून हा पाठ जितका संगणकाचा, तितकाच नेमक्या भाषेचाही आहे.

उद्दिष्टे

हा पाठ वाचल्यानंतर तुम्हाला –
- तक्त्याला चाळणी कशी लावतात ते सांगता येईल;
- ‘आणि’, ‘किंवा’ या शब्दांचा काटेकोर उपयोग करता येईल;
- चाळणी लावताना होणाऱ्या चुका ओळखता येतील.

मूळपाठ

१. तक्ता आणि त्याचे शीर्षक

वैयक्तिक संगणकावर आकड्यांचे तक्ते मांडण्याची सोय १९७९ मध्ये ‘व्हिझिकॅल्क’ या प्रणालीने प्रथम लोकांच्या हाती दिली. डॅन ब्रिकलिन आणि बॉब फ्रँकस्टन हे तिचे निर्माते. पुढे एक्सेल, कॅल्क अशा प्रणाली आल्या. एक्सेलच्या एका पानावर पूर्वी ६५,५३६ ओळी मावत. २००७ च्या आवृत्तीपासून १०,४८,५७६ ओळी मावू लागल्या. इतक्या ओळी डोळ्यांनी वाचणे शक्य नाही. तेथे चाळणीची गरज भासते.

समजा, पापड व मसाले विकणाऱ्या एका गृहोद्योगाचा तक्ता असा आहे :

| ग्राहक क्र. | गाव | माल | बाकी (रुपये) |
|---|---|---|---|
| १ | इंदूर | मसाला | ४,५०० |
| २ | बडोदे | पापड | १,२०० |
| ३ | इंदूर | पापड | ० |
| ४ | हैदराबाद | मसाला | ६,००० |
| ५ | वडोदरा | मसाला | ३,८०० |
| ६ | इंदूर | मसाला | ९०० |
| ७ | बेळगाव | पापड | २,५०० |
| ८ | बडोदे | मसाला | ५,२०० |

पहिली ओळ शीर्षकांची आहे. प्रत्येक स्तंभात एकाच प्रकारची माहिती आहे आणि मध्ये कोठेही कोरी ओळ सोडलेली नाही. कोरी ओळ आली, की तक्ता तेथेच संपला असे संगणक समजतो आणि त्याखालच्या ओळी चाळणीबाहेर राहतात. बाकीच्या रकान्यात केवळ आकडा लिहावा. आकड्यापुढे ‘फक्त’ असा शब्द लिहिला, तर संगणक त्या नोंदीला रक्कम न मानता मजकूर मानतो.

२. चाळणी लावणे

तक्त्यातील कोणत्याही एका घरात जाऊन ‘डेटा’ या विभागातील ‘फिल्टर’ निवडावे. कॅल्कमध्ये त्याला ‘ऑटोफिल्टर’ म्हणतात. प्रत्येक शीर्षकाजवळ एक लहान बाण उमटतो. ‘गाव’ या शीर्षकाचा बाण दाबला, की त्या स्तंभातील सर्व गावांची यादी उघडते. इतर खुणा काढून फक्त ‘इंदूर’वर खूण ठेवली, तर १, ३ आणि ६ या क्रमांकांचे ग्राहक तेवढे दिसतात.

आता पडद्याच्या डाव्या कडेला पाहा. शीर्षकानंतर ओळींचे क्रमांक २, ४, ७ असे तुटक दिसतील. मधल्या ओळी नाहीशा झालेल्या नाहीत, त्या केवळ झाकल्या गेल्या आहेत. चाळणी काढताच त्या जशाच्या तशा परत दिसतात. पिठाची चाळणी आणि तक्त्याची चाळणी यांत हा मोठा फरक आहे : येथे कोंडा म्हणून काहीही फेकले जात नाही.

३. ‘आणि’ की ‘किंवा’?

गृहोद्योगाच्या चालकांनी सांगितले, “इंदूर आणि बडोदे येथील ग्राहक काढा.” बोलण्यात हे वाक्य निर्दोष आहे. परंतु ‘गाव इंदूर आणि गाव बडोदे’ अशी अट चाळणीला घातली, तर एकही ओळ दिसणार नाही. असे का व्हावे?

आपण बोलताना ‘आणि’ने दोन समूह एकत्र करतो. संगणक मात्र एका वेळी एकच ओळ तपासतो. ‘या ओळीतील गाव इंदूर आहे आणि तेच गाव बडोदेही आहे काय?’ असे तो विचारतो. एक गाव एकाच वेळी दोन गावे कसे असेल? म्हणून येथे अट ‘इंदूर किंवा बडोदे’ अशीच हवी. यादीत दोन्ही नावांवर खूण केली, की ‘किंवा’चाच अर्थ होतो. याउलट ‘गाव इंदूर’ आणि ‘बाकी १,००० हून अधिक’ अशा दोन वेगळ्या स्तंभांवरील अटी ‘आणि’ने जोडल्या जातात. त्या दोन्ही पुऱ्या करणारा ग्राहक एकच, क्रमांक १.

व्याकरणात ‘आणि’ हे समुच्चयबोधक व ‘किंवा’ हे विकल्पबोधक उभयान्वयी अव्यय आहे, हे तुम्ही शिकला आहात. याच लहान शब्दांना गणिताचे रूप देण्याचे कार्य जॉर्ज बूल या इंग्रज गणितज्ञाने केले. विचारांच्या नियमांवरील त्याचा ग्रंथ १८५४ मध्ये प्रसिद्ध झाला. आजच्या चाळणीतील अटी त्याच तर्कावर चालतात.

४. चाळणीतून सुटलेला ग्राहक

आता यादीत फक्त ‘बडोदे’ निवडा. ग्राहक २ आणि ८ दिसतात. बाकी ६,४०० रुपये. पण ग्राहक ५ कोठे गेला? त्याच्या नोंदीत ‘वडोदरा’ असे लिहिले आहे. शहर एकच, मराठीत ते बडोदे म्हणून रूढ, अधिकृत नाव वडोदरा. माणसाला हे ठाऊक असते, चाळणीला नसते. खरी बाकी १०,२०० रुपये आहे. एका नावाच्या फरकाने ३,८०० रुपये नजरेआड झाले. ‘इंदूर’ऐवजी ‘इंदुर’, ‘बेळगाव’ऐवजी ‘बेळगांव’ किंवा ‘बेळगावी’ लिहिले, तरी हेच घडेल. ऱ्हस्वदीर्घाचा आग्रह काहींना निष्कारण वाटतो; येथे त्याची किंमत रुपयांत मोजता येते.

उपाय सोपा आहे. निवड करण्यापूर्वी बाणाखालची यादी सावकाश वाचावी. एकच नाव दोन रूपांत आढळले, तर आधी नोंद दुरुस्त करावी, मग चाळणी लावावी.

५. दोन सावधगिरीच्या गोष्टी

पहिली गोष्ट बेरजेची. ‘सम’ हे सूत्र झाकलेल्या ओळीही मोजते. चाळणीत फक्त इंदूर दिसत असताना ते २४,१०० ही संपूर्ण तक्त्याचीच बेरीज दाखवील. दिसणाऱ्या ओळींची ५,४०० ही बेरीज हवी असेल, तर ‘सबटोटल’ हे सूत्र वापरावे आणि त्यात पहिला आकडा ९ द्यावा.

दुसरी गोष्ट विश्वासाची. इंदूरच्या विक्रेत्याला त्याच्या भागातील यादी पाठवायची आहे. चाळणी लावलेली फाइलच पाठवली, तर झाकलेल्या ओळीही सोबत जातात. तो चाळणी काढील आणि सर्व ग्राहकांची उधारी त्याच्यापुढे उघडी होईल. म्हणून दिसणाऱ्या ओळी नव्या फाइलमध्ये उतरवून तीच पाठवावी. दुसऱ्याची बाकी चारचौघांत उघड न करणे ही व्यापाराची जुनी रीत आहे. संगणक आल्याने ती बदललेली नाही.

पाठगत प्रश्न

१. चाळणी लावल्यावर न दिसणाऱ्या ओळींचे काय होते?
२. ‘बाकी ० नसलेले’ ग्राहक किती?
३. ‘पापड घेणारे आणि २,००० हून अधिक बाकी असलेले’ ग्राहक कोणते?

तुम्ही काय शिकलात

- चाळणी माहिती पुसत नाही, झाकते.
- एका स्तंभातील दोन पर्यायांसाठी ‘किंवा’, वेगळ्या स्तंभांवरील एकत्रित अटींसाठी ‘आणि’.
- एकसारखे लेखन नसेल, तर चाळणी अपुरे उत्तर देते.
- न दिसणाऱ्या ओळी बेरजेत आणि फाइलमध्ये असू शकतात.

पाठान्त प्रश्न

१. ‘चाळणी आपले शब्द ऐकते, मन ओळखत नाही’ हे विधान उदाहरणांसह स्पष्ट करा.
२. ‘हैदराबाद आणि बेळगाव येथील मसाला घेणारे ग्राहक’ ही मागणी चाळणीच्या अटींत लिहा.
३. उपक्रम : तुमच्या परिसरातील गावांची नावे बोलण्यात, पाट्यांवर व कागदपत्रांत किती प्रकारे लिहिली जातात, त्यांची यादी करा.

पाठगत प्रश्नांची उत्तरे

१. त्या झाकल्या जातात, नष्ट होत नाहीत. २. सात. ३. ग्राहक क्रमांक ७.