ताप पाच दिवसांचा झाला: कावासाकी आणि त्याचा खर्च

लेकराचा ताप पाच दिवस उतरत नाही, अँटिबायोटिक चालूच आहे आणि अंगावर पुरळ उठलाय. घरातलं जाणतं माणूस म्हणतं, 'गोवर निघाला, थांबा.' थांबू नका. कावासाकी हा रक्तवाहिन्यांना सूज आणणारा आजार बहुतेक पाच वर्षांखालच्या मुलांना होतो आणि अँटिबायोटिकला दाद देत नाही. डोळे लाल पण चिपडं नाहीत, ओठ फुटलेले, जीभ लालबुंद, हातपाय सुजलेले, मानेत गाठ. ही लक्षणं एकाच दिवशी दिसतील असं नाही. डॉक्टरांकडे पोचेपर्यंत पुरळ मावळलेलाही असतो. म्हणून रोज मोबाइलवर फोटो काढा. दंडावरची बीसीजीची खूण लाल झाली असेल तर तेही सांगा. बोटांची सालं मात्र उशिरा निघतात, त्यांची वाट पाहू नका.

यावरचं मुख्य औषध, इम्युनोग्लोब्युलिन, ताप आल्यापासून दहा दिवसांच्या आत मिळायला हवं. उपचाराविना साधारण चारातल्या एका मुलाच्या हृदयाच्या रोहिणीला फुगा येतो. वेळेत मिळालं तर विसात एखाद्याला.

खर्चाचा डोंगर या एकाच औषधाचा. मात्रा किलोमागे २ ग्रॅम, म्हणजे १० किलोच्या मुलाला ५ ग्रॅमच्या ४ बाटल्या. ग्रॅमला अंदाजे दीड ते तीन हजार धरले तर ३० ते ६० हजार रुपये. कंपनीगणिक भाव बदलतो, दोन-तीन ठिकाणी विचाराच. बाहेरगावाहून आणायचं तर बर्फाच्या डब्यातून, पण गोठू न देता. हृदय तपासणारा टूडी इको दीड ते तीन हजारांना, आणि तो दीड-दोन महिन्यांत निदान तीनदा लागतो. सोबत द्यावं लागणारं अ‍ॅस्पिरिन अगदी स्वस्त. ते मनाने सुरू वा बंद करू नका, घरात कांजिण्या आल्या तर लगेच डॉक्टरांना कळवा.

जिल्हा रुग्णालयातले उपचार १५ ऑगस्ट २०२३ पासून मोफत आहेत. पुढे पाठवलं तर बुलढाणा जिल्ह्यातल्या खामगाव-शेगावकरांना अकोल्याचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय जवळ, देऊळगावराजाकडच्यांना छत्रपती संभाजीनगरचं घाटी रुग्णालय. निघण्याआधी इम्युनोग्लोब्युलिन शिल्लक आहे का, हे डॉक्टरांकरवी फोनवर विचारून घ्या. १०८ची गाडी फुकट आहे. महात्मा फुले योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांचं संरक्षण आहे. हा उपचार त्या रुग्णालयात बसतो का, हे बाटल्या विकत घेण्याआधी आरोग्यमित्राला किंवा १५५३८८ वर विचारा. इम्युनोग्लोब्युलिन दिल्यावर गोवर आणि कांजिण्यांच्या लसी ११ महिने पुढे ढकलाव्या लागतात, तेव्हा डिस्चार्ज कार्ड आशाताईंनाही दाखवा.